ओएलईडी टीव्ही : निळ्याचं दुखणं आणि बाजाराची भाकितं



दिवाळीच्या आधी बाबांचा फोन आला. "अगं, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. आता मोठा टीव्ही घेऊन टाकू. दुकानदार ओएलईडीच घ्या म्हणतोय. तू यातच पीएचडी करतेस ना? मग तोच घेतो."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तो नका घेऊ."

पलीकडे जरा शांतता. मग, "मग चार वर्षं तू करतेस काय?"

प्रश्न रास्त आहे. ज्या विषयावर आपण दिवसरात्र काम करतो, तीच वस्तू घरच्यांनी घेऊ नये असं सांगणं म्हणजे हलवायानं स्वतःचे पेढे नाकारण्यासारखं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. ओएलईडी टीव्हीनं काय कबूल केलं होतं, त्यातलं किती पाळलं, आणि गेली दहा-बारा वर्षं "पुढच्या वर्षी स्वस्त होणार" हे भाकीत का फसत आलंय, ते पाहू. यात माझ्याच क्षेत्रावरही थोडी टीका आहे, ती शेवटाकडे येईल.

आधी पणत्या समजून घेऊ

आपला नेहमीचा एलसीडी टीव्ही (त्यावर 'एलईडी टीव्ही' लिहिलेलं असतं, पण तो एलसीडीच) असा चालतो: मागे सतत जळणारा पांढरा दिवा, आणि पुढे लाखो छोट्या झडपा. काळा रंग दाखवायचा तर झडप बंद. पण झडप कधीच पूर्ण बंद होत नाही, थोडा उजेड फटीतून झिरपतोच. म्हणून रात्रीच्या दृश्यात आकाश काळं न दिसता राखाडी दिसतं.

ओएलईडीत मागे दिवा नाही. तिथे पणत्यांची रांग आहे. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल, आणि प्रत्येकात तीन किंवा चार पणत्या. जिथे अंधार हवा तिथली पणती विझलेली. बस्स.

यातला 'ओ' म्हणजे ऑरगॅनिक, सेंद्रिय. शेणखताशी संबंध नाही; कार्बनवर आधारलेले रेणू एवढाच अर्थ. या रेणूंचे काही शे नॅनोमीटर जाडीचे थर दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये बसवायचे. एका बाजूनं इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूनं 'होल' म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. दोघं एका रेणूवर भेटले की रेणू उत्तेजित होतो, आणि शांत होताना प्रकाश बाहेर टाकतो. तो कोणत्या रंगाचा, हे रेणूच्या रचनेवर ठरतं. माझं सगळं काम या 'भेटण्या'च्या आणि 'शांत होण्या'च्या मधल्या काही मायक्रोसेकंदांत काय बिघडतं त्यावर आहे.

प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात

गोष्ट सुरू होते अमेरिकेत कोडॅक कंपनीत. होय, तीच कॅमेऱ्याची फिल्म बनवणारी. १९८७ साली चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी दोन पातळ थरांचं एक साधन दाखवलं, जे १० व्होल्टहून कमी दाबावर झकास हिरवा प्रकाश देत होतं. त्याआधीही सेंद्रिय स्फटिकांतून प्रकाश निघत असे, पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागायचे. १९९० मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड फ्रेंड यांच्या गटानं पॉलिमरमधूनही प्रकाश काढून दाखवला.

मग अडचण आली ती क्वांटम भौतिकीची. वर सांगितलेल्या भेटींपैकी चारातली एकच 'सिंग्लेट' अवस्थेत जाते आणि चटकन प्रकाश देते. उरलेल्या तीन 'ट्रिप्लेट' अवस्थेत अडकतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर गेले. १९९८ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्प्सन यांच्या गटांनी यावर तोडगा काढला: रेणूत प्लॅटिनमसारखा (पुढे इरिडियम) जड धातू बसवला की ट्रिप्लेटही प्रकाश देऊ लागतात. आज तुमच्या फोनमधला लाल आणि हिरवा याच पद्धतीनं उजळतो. निळा मात्र नाही. हे 'मात्र' लक्षात ठेवा.

टीव्ही म्हणून पहिला मान सोनीच्या एक्सईएल-१ चा. डिसेंबर २००७, जपान. पडदा ११ इंच, सर्वांत पातळ भागात जाडी ३ मिलीमीटर, किंमत २ लाख येन. चित्र बघून लोक थक्क झाले आणि किंमत बघून घरी गेले. कोडॅकनं २००९ च्या अखेरीस आपला ओएलईडी व्यवसाय एलजी समूहाला विकला आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. पणती लावणाऱ्याच्याच घरात अंधार.

२०१३ च्या सुरुवातीला एलजीचा ५५ इंची संच कोरियात विक्रीला आला, १ कोटी १० लाख वॉनला. पाठोपाठ सॅमसंगही आलं. तेव्हापासून भाकितं सुरू झाली: तीन वर्षांत, पाच वर्षांत एलसीडी इतिहासजमा.

तसं झालं नाही. जगात वर्षाला साधारण २० कोटी टीव्ही खपतात, त्यात ओएलईडीचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे. का, ते बघू.

पहिली तडजोड : गाळणी परत आली

ओएलईडीची मूळ कल्पना सुंदर होती. लाल, हिरवी, निळी पणती शेजारी शेजारी; ना मागे दिवा, ना पुढे रंगीत गाळणी. फोनमध्ये असंच असतं. त्यासाठी बारीक छिद्रांची धातूची जाळी काचेवर धरतात आणि तिच्यातून रेणूंची वाफ नेमक्या जागी बसवतात. पण फोनच्या पडद्यासाठी चालणारी ही जाळी टीव्हीएवढी मोठी केली, की दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या चादरीसारखा तिला मध्येच झोळ येतो. रंग भलत्याच जागी बसतात. सॅमसंगनं २०१३ मध्ये शेजारी-शेजारी रंगांचाच मार्ग धरला आणि लवकरच टीव्हीतून माघार घेतली.

एलजीनं डोकं चालवलं. सगळ्या पडद्यावर एकसारखा पांढरा ओएलईडी पसरायचा, आणि वर रंगीत गाळण्या. जाळीची भानगडच नाही. शिवाय जपानच्या हिदेओ होसोनो यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलेले ऑक्साइड ट्रान्झिस्टर मोठ्या काचेवर परवडणारे होते. म्हणून एलजी टिकलं.

पण किंमत मोजावी लागली. पांढऱ्यातून लाल गाळून घ्यायचा म्हणजे बाकी प्रकाश गाळणीतच मरतो. तो तोटा भरून काढायला चौथी, गाळणी नसलेली पांढरी पणती घातली. त्यामुळे उजेड वाढला, पण खूप उजळ दृश्यात रंगात पाणी मिसळल्यासारखं होतं. ज्या गाळणीतून सुटका करून घ्यायची होती तीच मागच्या दारानं घरात आली. मी याला फसवणूक म्हणणार नाही. अभियांत्रिकी अशीच असते. पण "स्वयंप्रकाशी पिक्सेल, शुद्ध रंग" अशी जाहिरात करताना हे कुणी सांगत नाही.

२०२२ मध्ये सॅमसंग परतलं ते वेगळ्या रचनेनं: सगळीकडे निळा ओएलईडी, आणि त्याच्यावर क्वांटम डॉट, जे निळ्याचं लाल-हिरव्यात रूपांतर करतात. रंग खरंच सुंदर. मधल्या काळात याच कंपनीनं ओएलईडीवर उमटणाऱ्या ठशांवर जाहिरातींतून भरपूर टीका केली आणि 'क्यूएलईडी' विकला. नाव वाचून फसू नका, क्यूएलईडी हा एलसीडीच आहे. 'ओ' आणि 'क्यू' मध्ये फरक फक्त एका शेपटीचा, असं दुकानात वाटतं खरं!

"अनंत कॉन्ट्रास्ट" : एक छोटं गणित

आता माझ्या आवडीचा मुद्दा. जाहिरातीत लिहितात, कॉन्ट्रास्ट अनंत. काळा म्हणजे शून्य प्रकाश, आणि कशालाही शून्यानं भागलं की अनंत. गणित बरोबर आहे. पण कुठल्या खोलीत?

आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू असते. दिवसा गॅलरीचं दार उघडं असतं. समजा पडद्यावर २०० लक्स उजेड पडतो आणि पडदा त्यातला १ टक्का सगळीकडे विखरून परत पाठवतो. मग बंद पिक्सेलही २०० × ०.०१ भागिले पाय, म्हणजे सुमारे ०.६४ निट एवढा उजळ दिसणार. (निट हे पडद्याच्या उजळपणाचं एकक.) पांढरा ५०० निट धरला तर कॉन्ट्रास्ट साधारण ७८० ला १. अनंतचे झाले सातशे ऐंशी!

तेच गणित बऱ्यापैकी एलसीडीला लावू, ज्याचा अंधारातला कॉन्ट्रास्ट ५००० ला १ आहे. त्याचा काळा मुळातच ०.१ निट, त्यात तेच ०.६४ मिळवले की सुमारे ६८० ला १. म्हणजे अंधारात एक अनंत आणि दुसरा पाच हजार. ट्यूबलाइटखाली एक सातशे ऐंशी आणि दुसरा सहाशे ऐंशी. दिवे मालवून रात्री सिनेमा बघणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक. भाजी निवडत मालिका बघणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही.

अर्थात आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येक पडद्याचं परावर्तन वेगळं. तुमच्या खोलीचे आकडे घालून बघा. बाबांसोबत मी दुकानात गेले तेव्हा ओएलईडीचा संच एका काळ्या पडद्याच्या कोनाड्यात होता आणि त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत मासे फिरत होते. शेजारचे एलसीडी भगभगीत उजेडात. तुलना अशीच करतात.

निळ्याचं दुखणं

आता 'मात्र'कडे येऊ. पणतीचं तेल संपतं. ओएलईडीत तेल नाही, पण रेणू मोडतात, आणि मोडलेला रेणू प्रकाश देत नाही. जी पणती जास्त जळते ती लवकर मंदावते. वृत्तवाहिनीचा लोगो, खालची पट्टी, क्रिकेटचा स्कोअर एकाच जागी तासन् तास राहिले की तिथल्या पणत्या शेजारणींपेक्षा जास्त म्हाताऱ्या होतात. नंतर दुसरं काहीही लावा, तो ठसा भुतासारखा दिसत राहतो. यालाच बर्न-इन म्हणतात.

आरटिंग्ज या परीक्षण संकेतस्थळानं २०१८ मध्ये सहा ओएलईडी संच रोज २० तास चालू ठेवले. सीएनएन लावलेल्या संचांवर ठसे उमटले. बदलती दृश्यं असलेला बंदुकांचा व्हिडिओ गेम लावला होता त्यावर फारसं काही दिसलं नाही. आता आठवा आपल्या मराठी वृत्तवाहिन्या: कोपऱ्यात लोगो, खाली दोन-तीन पट्ट्या, बाजूला 'ब्रेकिंग'ची लाल चौकट. बाबा निवृत्त झाल्यापासून ते रोज आठ तास चालू. वर्षाला जवळपास २९०० तास! माझा नकार इथूनच आला.

आणि सर्वांत नाजूक पणती निळी. का? निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा जास्त, सुमारे २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. रेणूतले काही कमकुवत बंध तुटायला याहून थोडीच जास्त ऊर्जा लागते. ट्रिप्लेट अवस्था तर रेंगाळते. तेवढ्यात दुसरी उत्तेजित अवस्था किंवा विद्युतभार येऊन धडकला, की दोघांची ऊर्जा एकत्र होते आणि रेणूचा बंध तुटतो. लाल रंगात अशी धडक झाली तरी ऊर्जा तुलनेनं कमी असते, म्हणून तो निभावतो. त्यामुळे निळ्यासाठी उद्योग अजून मुख्यतः जुन्याच, फक्त सिंग्लेट वापरणाऱ्या पद्धतीवर चालतो. कार्यक्षमता कमी, पण आयुष्य बरं.

यावर उपाय निघाले नाहीत असं नाही. २०१२ मध्ये क्युशू विद्यापीठात चिहाया आदाची यांच्या गटानं जड धातूशिवाय ट्रिप्लेट वापरण्याचा मार्ग दाखवला. २०१४ मध्ये फॉरेस्ट यांच्या गटानं थरातलं मिश्रण हळूहळू बदलत नेऊन निळ्या फॉस्फोरेसंट साधनाचं आयुष्य दहापट वाढवल्याचं दाखवलं. मग युनिव्हर्सल डिस्प्ले या कंपनीनं २०२२ मध्ये सांगितलं की बाजारात येण्याजोगा फॉस्फोरेसंट निळा २०२४ मध्ये येईल. २०२४ गेलं. मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेनं जाहीर केलं की त्यांनी तो व्यापारी उत्पादनाच्या पातळीला आणलाय, वीज सुमारे १५ टक्के कमी लागते. पण रचना मिश्र आहे, खाली जुना निळा आणि वर नवा. तोही छोट्या-मध्यम पडद्यांसाठी. प्रगती खरीच आहे. पण दहापट, शंभरपट अशा बातम्या वाचताना मुळात किती होतं हेही विचारा. शून्याच्या जवळचं काहीही दहापट करणं सोपं असतं.

उजेडाची शर्यत याच दुखण्यावर मीठ चोळते. आमच्या क्षेत्रात ठोकताळा असा: उजेड दुप्पट केला की आयुष्य साधारण पावणेतीन ते चारपट घटतं. त्यावर उतारा म्हणून कंपन्या एकावर एक थर रचतात, म्हणजे प्रत्येक पणतीला कमी जळावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेनं चार थरांचं ४००० निटचं पॅनेल जाहीर केलं. मात्र हे ४००० निट पडद्याच्या छोट्याशा तुकड्यावर मिळतात. पूर्ण पडदा पांढरा केला की आकडा कितीतरी खाली येतो, कारण सगळ्या पणत्या एकदम मोठ्या केल्या तर वीज आणि उष्णता झेपत नाही.

आम्हा पेपर लिहिणाऱ्यांबद्दलही

दुकानदाराला नावं ठेवणं सोपं आहे. पण आम्ही काय करतो? निळ्या ओएलईडीवरचे शोधनिबंध उघडा. सारांशात कार्यक्षमतेचा कमाल आकडा ठळक. तो आकडा बहुतेक वेळा फार मंद उजेडात मोजलेला असतो, जिथे कुठलाही पडदा चालवत नाहीत. टीव्हीच्या उजेडाला आणलं की कार्यक्षमता घसरते. आयुष्याचा आकडा पुष्कळदा नसतोच.

मला हे बोलायचा अधिकार किती? माझ्या पहिल्या पेपरच्या सारांशातही कमाल कार्यक्षमताच आहे. ते साधन ग्लोव्हबॉक्समध्ये, नायट्रोजनच्या वातावरणात, चाळीस मिनिटांत निम्मं मंदावलं होतं. ती आकृती पुरवणी माहितीत, शेवटच्या पानावर आहे. खोटं काहीच लिहिलं नाही, पण दुकानातल्या माशांच्या व्हिडिओत आणि माझ्या सारांशात मला आता फार फरक दिसत नाही. पुढच्या पेपरात आयुष्य पहिल्या आकृतीत टाकायचं असा मी हट्ट धरलाय. गाईड म्हणतात, "परीक्षक कमाल आकडा मागतील." बघू.

बाजाराचं गणित

शास्त्र बाजूला ठेवलं तरी बाजार अवघड आहे. एक, टीव्हीचं ओएलईडी पॅनेल मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या मुळात दोनच: एलजी डिस्प्ले (पाजू आणि ग्वांगझू) आणि सॅमसंग डिस्प्ले (आसान). टीव्हीवर नाव कुठलंही असो, आत यांच्यापैकीच कुणीतरी. विकणारे दोघंच असले की भाव किती उतरणार?

दोन, प्रतिस्पर्धी झोपला नाही. चिनी कंपन्यांनी एलसीडीसाठी २.९४ गुणिले ३.३७ मीटरच्या काचेचे प्रचंड कारखाने उभारले. ओएलईडी टीव्हीच्या काचेचं माप २.२ गुणिले २.५ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम ५५ टक्के. त्यात एलसीडीनं मागच्या दिव्याचे शेकडो-हजारो तुकडे केले (मिनी-एलईडी) आणि काळ्या रंगातलं अंतरही कमी केलं. जपाननं रेणू शाईसारखे छापून स्वस्ताई आणायचा प्रयत्न केला, पण त्यासाठी २०१५ मध्ये उभी राहिलेली जेओएलईडी २०२३ च्या मार्चमध्ये कर्जाखाली कोसळली.

तीन, आणि मला हे सर्वांत बोलकं वाटतं: नवा पैसा टीव्हीकडे जात नाहीये. सॅमसंग डिस्प्लेनं २०२३ मध्ये ४.१ लाख कोटी वॉनची गुंतवणूक जाहीर केली ती लॅपटॉप-टॅबलेटच्या पडद्यांसाठी. चीनच्या बीओईचीही दिशा तीच. लॅपटॉप चार-पाच वर्षांत बदलतो, टीव्ही दहा वर्षं टिकावा अशी अपेक्षा असते. ओएलईडीच्या आयुष्याला कुठलं घर मानवतं, हे गुंतवणूकदारांनी ओळखलंय.

आपल्याकडे टीव्हीची जुळणी होते. रांजणगावला एलजीचा कारखाना आहेच. पण टीव्हीचं ओएलईडी पॅनेल भारतात बनत नाही, ते बाहेरूनच येतं. जीएसटी कमी झाला तो एलसीडीचाही झाला, त्यामुळे दोघांतला फरक तसाच राहिला.

माझा अंदाज विचाराल तर: ओएलईडी टीव्ही प्लाझ्मासारखा मरणार नाही, कारण फोन आणि लॅपटॉप त्याचं शास्त्र जिवंत ठेवतील. पण एलसीडीला हटवणारही नाही. तो चोखंदळ लोकांचा टीव्ही राहील, निदान निळ्याचा प्रश्न सुटेपर्यंत.

मग घ्यायचा का?

रात्री दिवे मालवून सिनेमे बघत असाल, चॅनेल बदलतं राहत असेल, पाच-सहा वर्षांत टीव्ही बदलायची तयारी असेल तर जरूर घ्या. याहून सुंदर चित्र आज घरात येत नाही, हे मी पूर्ण खात्रीनं सांगते. दिवसभर बातम्या, उजेडाचा हॉल आणि दहा वर्षांची अपेक्षा असेल तर चांगला एलसीडी घ्या आणि उरलेले पैसे आवाजावर खर्च करा. वॉरंटीत बर्न-इन धरलंय का, हे दोन्हीकडे न लाजता विचारा.

बाबांनी एलसीडी घेतला. परवा फोनवर म्हणाले, "चित्र छान आहे. पण तुझं ते निळं कधी बरं होणार?"

तुमच्या हातातला फोन बहुधा ओएलईडीचाच आहे बाबा, आणि त्यातला निळाच आधी थकणार आहे, एवढंच सांगितलं. उरलेलं उत्तर प्रबंधात लिहितेय.

पुढच्या वेळी ग्लोव्हबॉक्सबद्दल लिहीन; पाण्याचा एक थेंबही या रेणूंना का सोसत नाही ते. तोवर शंका असतील तर जरूर विचारा.